गोचीड, माकडताप आणि लस: रानात जाणाऱ्यांनी काय समजून घ्यावे

डिसेंबर उलटला की सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यात आणि सीमेपलीकडे गोव्याच्या सत्तरी तालुक्यात गोचिडीमुळे होणाऱ्या माकडतापाची चर्चा सुरू होते. कुठे मेलेले माकड सापडते, कुठे तापाचा रुग्ण तालुक्याहून जिल्ह्याच्या रुग्णालयात हलवावा लागतो. नेमक्या याच महिन्यांत आंबोली, तिलारी, चोर्ला या भागांत भटकंतीला जाणाऱ्यांचीही वर्दळ असते, आणि त्यांच्याकडून एक प्रश्न हमखास येतो: गोचीड चावण्याआधीच घेऊन ठेवता येईल अशी लस आहे का?

गोचिडीमुळे होणारा आजार एकच असता तर या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता आले असते. प्रत्यक्षात असे आजार अनेक आहेत. त्यांतले काही विषाणूंमुळे होतात, काही जिवाणूंमुळे, आणि लस मोजक्याच आजारांवर आहे. आपल्याकडच्या माकडतापावर जी लस अनेक वर्षे दिली जात होती, तिचा वापर २०२२ मध्ये थांबला. म्हणून आज सह्याद्रीच्या दक्षिण भागात फिरणाऱ्याला किंवा तिथे राहून काजू वेचणाऱ्याला लसीच्या भरवशावर राहता येत नाही. असे का झाले, युरोपात अशा आजारावर लस सर्रास मिळते तर आपल्याकडे का नाही, आणि तोवर काय करायचे, हे क्रमाने पाहू.

गोचीड चावते तेव्हा नेमके काय होते

गोचीड डासासारखी उडत नाही आणि पिसवेसारखी उडीही मारत नाही. ती गवताच्या किंवा पानाच्या टोकावर चढते, मागच्या पायांनी पकड घेते, पुढचे दोन पाय हवेत पसरते आणि वाट पाहत बसते. त्या पुढच्या पायांवर असलेल्या सूक्ष्म संवेदी अवयवामुळे तिला जवळून जाणाऱ्या प्राण्याच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाची ऊब जाणवते. पाय, शेपटी किंवा पँटची कड पानाला घासली की ती तिथे लटकते आणि मग अंगावरची मऊ, उबदार, झाकलेली जागा शोधत वर सरकते. गुडघ्यामागचा खळगा, जांघ, कंबरपट्ट्याखालची कातडी, काख, कानामागची जागा आणि केसांची मुळे या तिच्या आवडीच्या जागा आहेत.

तिथे ती कातडी कापून काटेरी सोंड आत रोवते. अनेक जातींच्या गोचिडी भोवती चिकट द्रव सोडून स्वतःला पक्के चिकटवूनही घेतात. तिच्या लाळेत जागा बधिर करणारे, रक्त गोठू न देणारे आणि आपल्या शरीराचा प्रतिकार दडपणारे पदार्थ असतात, त्यामुळे चावा दुखत नाही आणि बहुतेक वेळा कळतही नाही. गोचीड जर आधीच संसर्गित असेल, तर याच लाळेतून विषाणू किंवा जिवाणू आपल्या शरीरात उतरतो.

तिच्या आयुष्याच्या अवस्थाही लक्षात घ्याव्या लागतात. अंड्यातून अळी, अळीतून निंफ, म्हणजे अर्धवट वाढलेली गोचीड, आणि निंफमधून प्रौढ, असा तिचा प्रवास असतो, आणि पुढची अवस्था गाठण्यापूर्वी तिला एकदा पोटभर रक्त लागते. गुरांच्या अंगावर फुगलेली जी करडी गोचीड आपण पाहतो ती प्रौढ मादी असते. माणसाला माकडताप देते ती मुख्यतः निंफ. ती जेमतेम एक-दोन मिलिमीटरची असल्याने घामेजल्या पायावर मातीचा कण म्हणून सहज नजरेआड होते.

माकडतापाचे चक्र

१९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर नावाच्या जंगलात वानरे आणि माकडे मोठ्या संख्येने मरू लागली आणि आसपासच्या गावांत तीव्र तापाची साथ आली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातल्या, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतल्या, शास्त्रज्ञांनी त्यामागचा नवा विषाणू शोधून काढला. त्या जंगलावरून आजाराला क्यासनूर फॉरेस्ट डिसीज हे नाव पडले. लोकांनी मात्र डोळ्यांसमोर मरणारी माकडे पाहून आपापल्या भाषेत नाव दिले. आपल्याकडे तो माकडताप, कन्नडमध्ये मंगन कायिले.

अनेक दशके हा आजार कर्नाटकाच्या मलनाड भागापुरताच समजला जात होता. २०१२ नंतर तो बंदीपूरच्या परिसरात, मग केरळच्या वायनाडमध्ये, २०१५ मध्ये सत्तरीतल्या पाली गावात आणि २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावात आढळला. म्हणजे तमिळनाडू धरून तो आता पश्चिम घाटाच्या पाच राज्यांचा प्रश्न झाला आहे.

विषाणू जंगलात उंदीर, घुशींसारखे छोटे प्राणी आणि गोचिडी यांच्यात फिरत राहतो. संसर्गित गोचीड माकडाला चावली की माकड आजारी पडते, त्याच्या रक्तात विषाणूची प्रचंड वाढ होते आणि त्याच्या अंगावरच्या इतर गोचिडींनाही संसर्ग होतो. माकड मरून खाली पडले की या साऱ्या गोचिडी थंड होणाऱ्या शरीरावरून उतरून आसपासच्या पाचोळ्यात पसरतात, आणि ती काही मीटरची जागा अतिशय धोक्याची होते. अळीच्या अवस्थेत मिळालेला विषाणू निंफ झाल्यावरही गोचिडीत टिकून राहतो, त्यामुळे मेलेले माकड उचलून नेल्याने धोका संपत नाही.

गुरांची भूमिका थोडी वेगळी आहे. त्यांच्या रक्तात विषाणू फारसा वाढत नाही, पण प्रौढ गोचिडींचे पोट भरते ते त्यांच्यावरच. रानात चरायला सोडलेली गुरे गोचिडींची संख्या टिकवतात आणि त्यांना वस्तीच्या कडेपर्यंत आणतात. पावसाळ्यात प्रौढ गोचिडी गुरांवर पोसतात, पावसानंतर अळ्या बाहेर पडतात आणि हिवाळ्यापासून मेपर्यंत निंफची संख्या सर्वाधिक असते. काजूचा हंगामही याच काळात येतो. बोंडू पडलेले असतात तो पातेरा हाताने बाजूला सारत, वाकून आणि बऱ्याचदा बसून बी गोळा करावी लागते. ट्रेकिंगला गेलेला माणूस एखादा दिवस त्या पाचोळ्यातून चालतो, काजू वेचणारी बाई मात्र तीन महिने रोज त्यात हात घालते. या आजाराबद्दल बोलताना हा फरक कधीही विसरता कामा नये.

माणसात गोचीड चावल्यानंतर साधारण तीन ते आठ दिवसांनी एकदम तीव्र ताप चढतो. डोके आणि अंग असह्य दुखते, उलट्या होतात, डोळे लाल होतात, आणि काहींना नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त येते. बहुतेक रुग्ण दोन आठवड्यांत बरे होतात. काहींना मधल्या उतारानंतर तापाची दुसरी लाट येते आणि तिच्यात भ्रम, थरथर, मान आखडणे अशी मेंदूशी संबंधित लक्षणे दिसतात. शंभर रुग्णांपैकी साधारण तीन ते पाच दगावतात. विषाणू मारणारे खात्रीचे औषध नाही, म्हणून शरीरातले पाणी टिकवणे, रक्तस्रावावर लक्ष ठेवणे आणि गुंतागुंत वेळीच ओळखणे हाच उपचार आहे. हा आजार माणसाकडून माणसाला होत नाही, त्यामुळे रुग्णाला वाळीत टाकल्यासारखे वागवण्याचे काहीही कारण नाही.

लस होती, मग ती थांबली का

माकडतापावर पहिला प्रयत्न झाला तो उसन्या लसीचा. हा विषाणू रशियात आढळणाऱ्या, गोचिडींमुळेच होणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूचा नातलग आहे. त्यामुळे १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्या मेंदूज्वराची लस शिमोगा भागात देऊन पाहिली गेली, पण तिने माकडतापापासून संरक्षण मिळाले नाही. युरोपातली लस इथे आणून टोचून घ्यावी काय, असा प्रश्न आजही अधूनमधून विचारला जातो. त्याचे उत्तर या जुन्या अनुभवात आहे.

पुढे माकडतापाच्याच विषाणूपासून लस तयार झाली. कोंबडीच्या भ्रूणाच्या पेशींत विषाणू वाढवायचा, फॉर्मेलिनने तो निष्क्रिय करायचा आणि मग टोचायचा, अशी तिची पद्धत होती. निष्क्रिय म्हणजे असा विषाणू, जो आजार देऊ शकत नाही, पण त्याचे रूप पाहून शरीर त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे, म्हणजे त्या विषाणूला चिकटून त्याला निकामी करणारी प्रथिने, तयार करायला शिकते. कर्नाटकात ही लस १९९० पासून बाधित गावांत मोठ्या प्रमाणावर दिली जाऊ लागली, आणि नंतर ती इतर राज्यांतल्या बाधित भागांतही पोहोचली.

सुरुवातीचे निकाल उत्तम होते. १९९० ते १९९२ या काळातल्या पाहणीत दोन मात्रा घेतलेल्यांमध्ये तिचा परिणाम ९३ टक्क्यांहून अधिक आढळला. मात्र २००५ ते २०१० या काळातल्या आकडेवारीचा अभ्यास झाला तेव्हा दोन मात्रांचे संरक्षण सुमारे ६२ टक्के आणि बूस्टर, म्हणजे संरक्षण पुन्हा वाढवणारी पुढची मात्रा, घेतलेल्यांचे सुमारे ८३ टक्के निघाले. मधल्या काळात नेमके काय बदलले याचे एकच एक कारण सांगता येत नाही. परिणाम कमी होत होता, एवढे मात्र स्पष्ट होते.

दुसरी अडचण वेळापत्रकाची होती. एक महिन्याच्या अंतराने दोन मात्रा, सहा ते नऊ महिन्यांनी बूस्टर, आणि त्यानंतर त्या भागात शेवटचा रुग्ण आढळल्यापासून पाच वर्षांपर्यंत दरवर्षी एक मात्रा, असा तिचा क्रम होता. कोकणात कौलारू घर असलेल्यांना हे चटकन समजेल. छप्पर एकदा घातले म्हणजे काम झाले असे होत नाही, दर मृगाआधी शाकारणी करावी लागते, आणि एखादे वर्ष ती चुकली तर पाऊस आत येतोच. या लसीचे संरक्षणही तसेच वर्षागणिक विरत जाणारे होते. रोजंदारी बुडवून, दूरच्या आरोग्य केंद्रावर, दंड दुखवणारी सुई दरवर्षी घ्यायची हे अनेकांना जमले नाही, आणि त्यासाठी त्यांना अडाणी ठरवणे अन्यायाचे आहे. ज्या लसीचे वेळापत्रक ती घेणाऱ्याच्या जगण्यात बसत नाही, तिच्या आखणीतच उणीव असते.

लसीच्या गुणवत्तेबद्दल आणि परिणामाबद्दलचे प्रश्न वाढत गेले आणि २०२२ मध्ये तिचा वापर थांबवण्यात आला. परिणाम न देणारी लस देत राहण्यापेक्षा ती थांबवणे योग्यच होते, कारण लस घेतली म्हणून निर्धास्तपणे पाचोळ्यात बसणारा माणूस लस न घेतलेल्यापेक्षाही अधिक धोक्यात असतो. मात्र १९५७ पासून ठाऊक असलेल्या आजारासाठी दुसरी लस तयार ठेवली गेली नव्हती, ही गोष्ट क्षम्य मानता येत नाही. हा आजार मुख्यतः रानाच्या कडेला राहणाऱ्या गरीब माणसांना होतो, आणि या विलंबामागचे तेही एक कारण आहे असे मला वाटते.

युरोपात आणि अमेरिकेत चित्र वेगळे कसे

मध्य युरोपात गोचिडींमुळे होणारा मेंदूज्वर नेहमीचा आहे. १९७० च्या दशकात ऑस्ट्रियात दरवर्षी त्याचे शेकडो रुग्ण आढळत. तिथे लस विकसित झाली, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून देशभर मोहीम चालवली गेली आणि आज बहुसंख्य नागरिक ती घेतात. रुग्णसंख्या त्यानंतर मोठ्या प्रमाणात घटली. तीन मात्रांनंतर साधारण तीन ते पाच वर्षांनी बूस्टर, एवढेच तिचे वेळापत्रक आहे. जर्मनीत बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्यांचा मोठा भाग जोखमीचा मानला जातो, आणि म्युनिक किंवा स्टुटगार्टमध्ये नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी मुलांना जंगलात फिरायला नेण्याआधी आपल्या डॉक्टरांना या लसीबद्दल जरूर विचारावे.

अमेरिकेत मोठा प्रश्न आहे तो लाइम आजाराचा. कनेटिकट राज्यातल्या लाइम या गावावरून हे नाव आले. हा आजार जिवाणूमुळे होतो आणि वेळेवर प्रतिजैविके मिळाली तर बहुतेक रुग्ण बरे होतात. तिथल्या रोगनियंत्रण केंद्राच्या अंदाजाप्रमाणे दरवर्षी सुमारे ४ लाख ७६ हजार लोकांवर त्याचे उपचार होतात, आणि न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स यांसारखी ईशान्येकडची राज्ये त्यात आघाडीवर आहेत. १९९८ मध्ये तिथे लाइमवर लस आली होती. तिची काम करण्याची रीत विलक्षण होती: लस घेतलेल्या माणसाचे रक्त गोचीड पिते तेव्हा त्या रक्तातली प्रतिपिंडे गोचिडीच्या पोटातच जिवाणूला मारतात, आणि तो माणसापर्यंत पोहोचतच नाही. तीन मात्रांनंतर संरक्षण सुमारे ७६ टक्के होते. सांधेदुखी होते अशा तक्रारी पसरल्या, तपासणीत लसीशी त्यांचा संबंध सिद्ध झाला नाही, तरी मागणी ओसरली आणि २००२ मध्ये कंपनीने ती बाजारातून काढून घेतली. फायझर आणि वाल्नेव्हा या कंपन्यांची त्याच तत्त्वावरची नवी लस मानवी चाचण्यांच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत गेली आहे.

गोचिडीविरुद्धच लस का नाही

वाचकांच्या मनात ही शंका येणे स्वाभाविक आहे. दहा आजारांवर दहा लसी करण्यापेक्षा गोचिडीलाच चिकटू न देणारी एक लस का करत नाहीत? गुरांसाठी अशी लस १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलिया आणि क्यूबामध्ये वापरात आली, आणि ती गोचिडीच्या आतड्यातल्या एका प्रथिनावर आधारलेली आहे. माणसांसाठी प्रयत्न प्रयोगशाळेतच आहेत. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संशोधकांनी गोचिडीच्या लाळेतल्या १९ प्रथिनांवर आधारलेली लस गिनीपिगना दिली. त्यांच्या अंगावर गोचीड चावलेली जागा लाल झाली आणि गोचिडी लवकर सुटून पडल्या. माणसापर्यंत हे कधी पोहोचेल ते आज ठरवता येत नाही, शिवाय वेगवेगळ्या जातींच्या गोचिडींची लाळही सारखी नसते.

लस नाही, तर रानात जाऊच नये का

असे मुळीच नाही. सिंधुदुर्गात ज्यांचे पोट रानावर आहे त्यांना तर हा पर्यायच नाही. करण्यासारख्या गोष्टी मात्र मन लावून कराव्या लागतात.

पूर्ण बाह्यांचा सदरा आणि लांब पँट घालावी, पँटची टोके मोज्यांत खोचावीत, आणि कपडे फिक्या रंगाचे असावेत म्हणजे चढणारी गोचीड दिसते. उघड्या कातडीवर कीटक दूर ठेवणारे मलम किंवा तेल लावावे. माकडतापाच्या पट्ट्यात आरोग्य विभाग डीएमपी तेल आणि डेपा तेल वाटत आला आहे. डेपा हे ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेत विकसित झालेले रसायन आहे. घामाने तेल निघून जाते, म्हणून काही तासांनी ते पुन्हा लावावे लागते. बाजारात डीईईटी असलेली मलमेही मिळतात. विश्रांतीसाठी बसायचे तर पाचोळा टाळून मोकळ्या खडकावर बसावे.

परतल्यावर कपडे घरात न झटकता थेट गरम पाण्यात टाकावेत, साबणाने आंघोळ करावी आणि अंग बोटांनी चाचपून पाहावे, कारण एवढीशी निंफ डोळ्यांपेक्षा बोटांना आधी सापडते. मुलांची डोकी मोठ्यांनी तपासावीत.

गोचीड चिकटलेली दिसली तर बारीक टोकाच्या चिमट्याने तिला कातडीलगत, तोंडापाशी धरून सरळ वर, सावकाश ओढावे. रॉकेल ओतणे, काडी पेटवून चटका देणे, चुना लावणे हे उपाय अजूनही सर्रास केले जातात, आणि ते टाळावेत, कारण त्यांत वेळ जातो, कातडी भाजते आणि डिवचलेली गोचीड अधिक लाळ आत सोडू शकते. नखांनी चिरडणेही टाळावे. नंतर जागा आणि हात साबणाने धुवावेत.

लाइमचा जिवाणू गोचिडीतून माणसात यायला साधारणपणे एक दिवसाहून अधिक काळ लागतो, असे वाचून काही जण निश्चिंत होतात. विषाणूंना हा हिशेब लागू करू नये. माकडतापाच्या कुळातले काही विषाणू चाव्यानंतर काही मिनिटांतही शिरू शकतात. म्हणून गोचीड लवकर काढणे उपयोगाचे आहेच, पण ती चावूच न देणे त्याहून महत्त्वाचे आहे.

माकडांचा बंदोबस्त केला तर?

ही मागणी गावसभांत होते आणि तिच्यामागची भीती समजण्यासारखी आहे. पण माकड या आजाराचा उगम नव्हे, बळी आहे, आणि मेलेले माकड म्हणजे विषाणू कुठे आला आहे याची सर्वांत आधी मिळणारी सूचना आहे. त्याला हात न लावता, जवळ न जाता वनविभागाला आणि आरोग्य केंद्राला कळवावे, म्हणजे सभोवतालच्या सुमारे ५० मीटरच्या भागात गोचीडनाशक भुकटी टाकता येते आणि त्या वाटेने जाणे थांबवता येते. माकडे मारली किंवा हुसकली, तर त्यांच्या अंगावरच्या गोचिडी आणखी पसरतील. गुरांना गोचीडनाशक औषध नियमितपणे लावणे हा त्याहून कितीतरी उपयोगी मार्ग आहे.

ताप आला तर डॉक्टरांना काय सांगावे

गेल्या पंधरवड्यात कुठल्या रानात किंवा बागेत गेला होता, गोचीड चिकटली होती का, आणि आसपास माकडे मेली होती का, हे न विचारता सांगावे. माकडतापाचे निदान सुरुवातीच्या दिवसांत रक्तातला विषाणू शोधणाऱ्या आरटी-पीसीआर चाचणीने आणि नंतर प्रतिपिंडांच्या चाचणीने होते, पण ती चाचणी करायची हे डॉक्टरांना सुचावे लागते. दुसरे कारणही तेवढेच मोलाचे आहे: कुत्र्यांवरच्या गोचिडींमुळे होणारा टायफस महाराष्ट्रात आढळतो, तो जिवाणूजन्य असल्याने डॉक्सीसायक्लिन या साध्या प्रतिजैविकाने बरा होतो, आणि उपचार लांबला तर मात्र जिवावर बेतू शकतो. निदान होईपर्यंत अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या आपल्या मनाने घेऊ नयेत, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

नवी लस येईल तेव्हा

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्स या कंपनीबरोबर माकडतापावर नवी निष्क्रिय लस विकसित करत आहे, आणि तिची आखणी दोन मात्रांची आहे. ती सुरक्षित आणि परिणामकारक ठरली तरी तिच्या वाटपात जुने दोष राहू नयेत यासाठी आतापासून बोलले पाहिजे. हंगाम हिवाळ्यात सुरू होतो आणि दोन मात्रांनंतर प्रतिकार तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून लस दिवाळीच्या आधी गावात पोहोचायला हवी. रुग्ण आढळल्यावर जानेवारीत सुरू झालेली मोहीम त्या वर्षीच्या काजू हंगामाला फारशी उपयोगी पडत नाही. पहिला हक्क बागेत आणि रानात रोज राबणाऱ्यांचा, गुराख्यांचा आणि वनमजुरांचा असावा, हौसेने भटकणाऱ्यांनी रांगेत त्यांच्या मागे उभे राहावे. आणि शिबिर आरोग्य केंद्रावर दुपारी भरवण्याऐवजी वाडीत, संध्याकाळी, माणसे कामावरून परतल्यावर भरवावे.